शेजार नसलेली झाडे

मत्तीगुड्ड्याच्या जंगलात कोणत्याही मोठ्या झाडाला चौदा फुटांच्या आत शेजारी नव्हता.

कृष्णवेणीने नकाशा जेवणाच्या टेबलावर पसरला आणि तो पुन्हा गुंडाळला जाऊ नये म्हणून चारी कोपऱ्यांवर एकेक वाटी ठेवली. नकाशावर नुसते ठिपके होते. एक ठिपका म्हणजे एक झाड.

"वाट्या काढून घेतलीस की गे सगळ्या! सार कशात वाढू, ओंजळीत?" शकुंतलाबाई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या.

"दोन मिनिटं, आई."

"तुझी दोन मिनिटं गोत्तु मला, चांगली ठाऊक हायत. कॉलेजात पोरं मोजतेस, घरी येऊन झाडं. तुझे अप्पा तरी रिटायर झाले, मोजायचे थांबले. तू केव्हा थांबणार?"

कृष्णवेणी म्हैसूरच्या एका महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवत असे. शहराच्या विजयनगर भागातल्या या घरात ती, तिची आई आणि तिचे वडील नागोजीराव अशी तीनच माणसे राहत. नागोजीराव रेंजर म्हणून निवृत्त झाले होते आणि त्यांच्या नोकरीतला मोठा काळ मत्तीगुड्डा या एकाच टापूत गेला होता. त्यांनी कधी बदली मागितली नाही, आणि ती आडबाजूची जागा दुसऱ्या कुणी मागितली नाही.

त्याच जंगलाचा आता निवाडा व्हायचा होता. नैसर्गिक जंगलातले हिरवे झाड तोडायला बंदी आली होती. माणसाने लावलेल्या वनाला ती लागू नव्हती. मत्तीगुड्डा यांपैकी काय आहे, हे ठरवायला एक समिती नेमली गेली होती. लावलेले ठरले, तर सगळे उतरवून तिथे सागाची नवी लागवड व्हायची होती. समितीचे अध्यक्ष कृष्णमूर्ती यांनी झाडांच्या मांडणीचा अभ्यास कृष्णवेणीकडे सोपवला. आपले वडील तिथेच रेंजर होते, हे तिने त्यांना आधीच सांगितले होते. "बरंच झालं की मॅडम, वाट विचारायला नको," एवढेच ते म्हणाले होते.

नागोजीराव हातातली छत्री कोपऱ्यात ठेवून टेबलाशी आले. त्यांनी चष्मा पुसला आणि नकाशावर वाकले. त्यांचे बोट एका ठिपक्यावरून दुसऱ्यावर फिरत राहिले. मग त्यांचा चेहरा हळूहळू उजळत गेला.

"हे तर माझं मत्तीगुड्डा."

"कसं ओळखलंत?"

"हा ओढा. हा चढ. आणि हे बघ की, कसं मोकळं उभं हाय एकेक झाड. कुणाची फांदी कुणाला लागत नाही. त्या काळात मोठे साहेब यायचे, जीपमधून उतरायचे आणि म्हणायचे, नागोजीराव, हे जंगल हाय की राजवाड्याची बाग?" ते हसले. "लिही रिपोर्टात. इतकं निगेनं राखलेलं जंगल या जिल्ह्यात दुसरं नाही म्हणून."

कृष्णवेणी पेन्सिलीशी चाळा करत राहिली. मग तिने सांगून टाकले. "अप्पा, अडचण तीच आहे. हे असं दिसतंय, म्हणून समिती म्हणणार की हे लावलेलं आहे."

"लावलेलं?" नागोजीराव ताठ झाले. "कुणी लावलं? मी तिथं एक रोप लावलं नाही. माझ्या आधी कुणी लावलं नाही. देवानं लावलं म्हणतील तर म्हणू दे!"

"ठिपके तसं म्हणत नाहीत."

"मग तुझे ठिपके खोटं बोलूलागलेत!"

ते आत निघून गेले. शकुंतलाबाईंनी एकेक वाटी उचलून घेतली तसा नकाशा चारी बाजूंनी वर वळू लागला. "काय गे सांगितलंस त्यांना? जेवायच्या वेळेला?"

आईला समजावणे हे वर्गाला समजावण्यापेक्षा अवघड, पण अधिक उपयोगाचे, असा कृष्णवेणीचा अनुभव होता. तिने डब्यातून मूठभर तांदूळ घेतले आणि ताटात उधळले. "हे बघ. दाणे कसेही पडले. काही एकमेकांना चिकटून, काही दूर. याला म्हणायचं सहज मांडणी. आता गुळाचा खडा ठेवला आणि मुंग्या आल्या, तर त्या घोळक्यानं बसतील. रानात झाडांचं बहुधा तसंच असतं. बी आईच्या आसपास पडतं. ओल असेल तिथं चार पोरं एकदम उगवतात. म्हणून खऱ्या जंगलात घोळके दिसतात, मध्ये मोकळ्या जागा दिसतात."

"आणि अप्पांच्या जंगलात?"

कृष्णवेणीने नकाशा पुन्हा सरळ केला. शकुंतलाबाईंनी ओले हात पदराला पुसले, डोके एका बाजूला कलते करून पाहिले आणि म्हणाल्या, "हे तर काजं आखल्यासारखं दिसतंय गे."

*

नागोजीरावांचे घराणे शिंप्यांचे. देवराज मार्केटमागच्या गल्लीत त्यांच्या वडिलांचे, जगन्नाथरावांचे, दुकान होते. दर एकादशीला दुकान बंद ठेवून ते भजनाला बसत आणि दसऱ्याच्या आधीचे दोन महिने मात्र एकादशीलाही मशीन चालू ठेवून विठ्ठलाची क्षमा मागत. कारण दसऱ्याच्या रात्री बन्नीमंटपाच्या मैदानावर मशालींचे संचलन होई, त्यात फिरणाऱ्यांपैकी काहींचे कोट त्यांच्याकडे शिवायला येत. शिंप्याच्या घरी लहान मुलाच्या वाट्याला पहिले काम येते ते काज-बटणाचे. कापणे आणि जोडणे मोठ्यांकडे. पोराने अंतर आखायचे, काज करायचे, बटण टाकायचे. दोन काजे जरा जवळ आली, की जगन्नाथराव बोलत नसत, नुसता धागा उसवून कोट परत मांडीवर टाकत. नागोजीरावांनी वयाच्या सतराव्या वर्षापर्यंत तेच केले. मग ते शिकले, वनखात्यात लागले आणि सुईदोरा सुटला.

हे सगळे कृष्णवेणीला लहानपणापासून माहीत होते. त्याचा जंगलाशी काही संबंध असेल, असे तिला कधी वाटले नव्हते, आणि आईच्या एका वाक्यावरून ते मानायलाही ती तयार नव्हती. उपमा म्हणजे पुरावा नव्हे. वर्गात ती हेच शिकवी.

पण त्या वाक्याने एक प्रश्न मात्र नीट मांडला गेला. जंगल लावलेले असेल, तर झाडे एका वयाची आणि एका जातीची असायला हवीत. मत्तीगुड्ड्यात ऐन होता, बिबळा होता, धावडा होता. दोन कवेत न मावणारे बुंधे होते आणि एका कवेत मावणारेही. म्हणजे ते कुणी एका हंगामात लावलेले नव्हते. न लावता झाडे अशी उभी कशी राहिली? आणि दुसरी एक गोष्ट, जिच्याकडे समितीचे लक्षच नव्हते: तिथे लहान झाड एकही नव्हते. मोजणीत सगळ्यांत कोवळे सापडलेले झाडही तिच्याएवढे, म्हणजे चाळिशीच्या आसपासचे असावे.

ती कृष्णमूर्तींना भेटून आणखी मुदत मागून आली.

"मॅडम, आणखी काय शोधणार?" ते कंटाळून म्हणाले. "तुमचंच गणित सांगतंय, झाडं समान अंतरावर आहेत. निसर्ग टेप घेऊन फिरतो का?"

"निसर्ग नाही फिरत, सर. पण कुणीतरी फिरलं असेल."

"तेच तर मी म्हणतोय. लावणारा!"

"लावणारा असेल किंवा काढणारा. जुन्या तोडीचे कागद मिळतील?"

कृष्णमूर्ती मोठ्याने हसले. "त्या रेंजचे कागद? वाळवीनं कधीच खाल्ले. वाळवीला विचारा, तिला सगळं पाठ असेल."

*

मार्चच्या सुरुवातीला ती मत्तीगुड्ड्याला गेली. आठवड्यापूर्वी तिथून वणवा गेला होता. उंच झाडांना त्याची फारशी झळ लागली नव्हती, पण खालचे गवत आणि घाणेरीची झुडपे जळून जमीन उघडी पडली होती. वाट दाखवायला गुंडू नावाचा वॉचर होता. त्याची नोकरी नागोजीरावांच्या हाताखाली सुरू झाली होती आणि आता ती संपत आली होती. तो कन्नडातच बोलायचा, आणि सारखा बोलायचा.

"दरवर्षी आग येते का?" तिने विचारले.

"दरवर्षी, अम्मा. गवत आहे ना. ऊन थेट खाली येतं, गवत माजतं, उन्हाळ्यात वाळतं, कुणीतरी बिडी टाकतं. साहेबांच्या वेळी एवढी नव्हती. तेव्हा आम्ही गवत कापायचो."

"आणि पलीकडच्या गटात?"

"नरसिंहय्यांच्या? तिथं कुठली आग! तिथं आत शिरायलाच जागा नाही. ते रेंजर मोठे मजेचे माणूस, अम्मा. पत्ते खेळायचे. तोडायच्या झाडावर खूण ठोकायचा तो खुणेचा हातोडा त्यांनी भिंतीला टांगला होता, बायकोचा फोटो टांगावा तसा. दोघांकडेही कधी बघायचे नाहीत."

कृष्णवेणी हसली आणि पुढचे पाऊल टाकताना अडखळली. राखेतून एक काळी कड वर आली होती. तिने बुटाने राख सारली. तो झाडाचा बुडखा होता, जमिनीलगत कापलेला, मध्ये जळून पोकळ झालेला. शेजारी, चार हातांवर, उंच ऐन उभा होता.

तिने दुसऱ्या झाडापाशी जाऊन पाहिले. तिथेही एक बुडखा होता. तिसऱ्यापाशी दोन होते. एके ठिकाणी लाकूड उरले नव्हते, मुळे जळून गेल्याने नुसता खड्डा राहिला होता. असे खड्डे तिने मोजणीत धरायचे नाहीत असे ठरवले. खड्ड्याला इतरही कारणे असू शकतात. ज्यावर कुऱ्हाडीचा किंवा करवतीचा सपाट काप दिसत होता तेवढेच धरायचे.

"ही कुणी तोडली, गुंडू?"

गुंडूने चमकून तिच्याकडे पाहिले, जणू तिने सूर्य कुठे उगवतो ते विचारले होते. "साहेबांनी. म्हणजे आम्हीच, साहेबांच्या सांगण्यावरून. विरळणी, अम्मा. दोन झाडं जवळ आली की साहेब टेप लावायचे. शिंप्याची टेप, खिशातच असायची. मग वाकडं असेल ते, पोकळ असेल ते, बारीक असेल ते, त्याच्यावर हातोडा. आम्ही म्हणायचो, साहेब, राहू द्या, बिचारं लहान आहे. ते म्हणायचे, लहान आहे म्हणूनच, मोठं झाल्यावर जास्त दुखेल."

परतताना ती मुद्दाम नरसिंहय्यांच्या गटातून गेली. काही अंतर तिला वाकून चालावे लागले. एका जुन्या, ढोली पडलेल्या ऐनाभोवती त्याच जातीची पोरे दाटीवाटीने उभी होती, काही गुडघ्याएवढी, काही खांद्याएवढी. जमिनीवर ओला पाचोळा होता. गवत नव्हते.

*

घरी येऊन तिने पारदर्शक कागद घेतला आणि नुसत्या बुडख्यांचे ठिपके लाल शाईने काढले. मग तो जिवंत झाडांच्या नकाशावर ठेवला. काळे आणि लाल ठिपके एकत्र पाहताच घोळके दिसू लागले: ओढ्याकाठी दाट, चढावर तुरळक, आणि मध्ये रिकाम्या जागा. तिने अंतरे पुन्हा मोजली. मेलेली झाडे धरली, की मत्तीगुड्डा नरसिंहय्यांच्या जंगलासारखेच निघत होते.

नागोजीराव केव्हा मागे येऊन उभे राहिले ते तिला कळले नाही.

"लाल काय ते?"

"तुम्ही काढलेली झाडं, अप्पा."

ते खुर्चीवर बसले. "एवढी?"

"यापेक्षा जास्त. मला सापडली तेवढीच ही."

"नियम होता तसा, वेणी. प्रत्येक झाडाला त्याचा त्याचा उजेड मिळायला पाहिजे, तर ते सरळ वाढतं, जाड होतं. पुस्तकात होतं. ट्रेनिंगमध्ये शिकवलं." त्यांनी मान वर करून तिच्याकडे पाहिले. "झाली ना जाड? बघितलीस ना?"

"झाली. जिल्ह्यातली सगळ्यांत जाड झाडं तुमचीच आहेत."

"मग?"

ती सांगू लागली. सांगताना तिचा आवाज वर्गातला झाला, कारण दुसरा कुठला आवाज लावावा हे तिला सुचले नाही. झाडे सुटी केली की वरून ऊन सगळीकडे सारखे येते. ऊन आले की गवत येते, गवत आले की वणवा येतो, आणि वणवा मोठ्या झाडाला काही करत नाही, फक्त रोपटे मारतो. घोळक्याच्या सावलीत जी ओल टिकते, ज्या ओलीत बी रुजते, ती सावलीच उरली नाही. पोकळ झाडांत पाखरे राहायची. पोकळ झाडे गेली, तशी बी आणणारी पाखरेही गेली.

नागोजीराव ऐकत राहिले. शकुंतलाबाई दारात येऊन उभ्या होत्या.

"नियम नरसिंहय्यालाही होता," नागोजीराव अखेर म्हणाले. "आम्ही सगळे त्याला हसायचो. खात्याचा पगार खातो आणि पत्त्यातले राजे मोजतो म्हणायचो. मी तर एकदा त्याच्याविरुद्ध वर लिहिलं सुद्धा. कामचुकार म्हणून." त्यांनी पारदर्शक कागदाची कड सरळ केली. "त्याचं जंगल बघून आलीस?"

"आले."

"पोरं आहेत त्यात?"

कृष्णवेणीला वाटले, इथे काहीतरी मऊ बोलता आले तर बरे. नमुना लहान होता, जमीन थोडी वेगळी असू शकेल, असे बरेच म्हणता आले असते, आणि त्यातले काही अगदीच खोटेही ठरले नसते.

"आहेत," ती म्हणाली.

नागोजीरावांनी मान हलवली. "मग आता समिती काय म्हणेल?"

"बुडखे दाखवले तर म्हणतील, कुठल्याही वर्षी कुणीही तोडलेली असतील. लाकूडचोरांनी तोडली म्हणतील. तोड नियमानं झाली, जंगल आधीपासून होतं आणि ते फक्त विरळलं, याला कागद पाहिजे. कागद नाही."

"गुंडू सांगेल की," शकुंतलाबाई म्हणाल्या. "त्याला काय, बोलायला निमित्तच पाहिजे."

"गुंडूला कृष्णमूर्ती विचारणार, हुकूम कुणाचा होता. मग?"

"मग माझा होता म्हणून सांगायला मी हाय ना," नागोजीराव म्हणाले.

"तुम्ही जाणार? सगळ्यांच्या समोर?" शकुंतलाबाईंचा आवाज चढला. "आयुष्यभर एक पैसा खाल्ला नाही, एक फांदी घरी आणली नाही, आणि आता तिथं उभं राहून सांगणार की मी जंगलाची नासाडी केली? साकु हो, पुरे झालं! जाऊ दे ते जंगल. आपल्याला काय करायचंय?"

"नासाडी केली असं नाही सांगणार. काय केलं ते सांगणार. नासाडी हाय की काय, ते वेणीनं लिहावं. तिचं काम ते." ते उठले, नकाशापाशी गेले आणि एका लाल ठिपक्यावर बोट ठेवले. "हा बिबळा. वाकडा होता. फार फुलायचा."

*

समितीची बैठक एका लांबट खोलीत होती, पंखा होता पण वारा टेबलापर्यंत पोचत नव्हता. कृष्णवेणीने दोन्ही नकाशे मांडले. कृष्णमूर्तींनी अपेक्षेप्रमाणे चोरांचा मुद्दा काढला. तेव्हा नागोजीराव मागच्या खुर्चीवरून उठले आणि त्यांनी आपले नाव, हुद्दा आणि नोकरीची वर्षे सांगितली.

"ही झाडं तुमच्या हुकमानं तोडली?"

"होय, सर. खुणेचा हातोडा माझ्या हातात होता."

"का तोडली?"

"जवळ होती म्हणून."

"आणि जागा रिकामी झाली तिथं नवीन काही लावलं?"

"नाही, सर. माझ्या आधीही कुणी लावलेलं नव्हतं. मी आलो तेव्हा आत शिरायला वाट नव्हती. गचगच्च रान होतं." त्यांनी दोन्ही हातांनी दाटी दाखवली आणि हात तसेच थोडा वेळ हवेत राहिले.

एका तरुण सदस्याने काहीशा आदराने विचारले, "सर, इतकं काटेकोर काम तेव्हा कुणीच करत नसे ना?"

"नव्हते करत," नागोजीराव म्हणाले. "केलं नाही ते बरं झालं."

कृष्णमूर्तींनी त्यांना बसायला सांगितले. ते पुढचे सगळे कामकाज संपेपर्यंत उभेच राहिले.

कृष्णवेणीचा अहवाल महिन्याभरात गेला. त्याचा निष्कर्ष तिने चारदा लिहिला आणि प्रत्येक वेळी त्यातले एकेक विशेषण काढले. शेवटी राहिले ते असे: मत्तीगुड्डा हे नैसर्गिक जंगल आहे, ते कुणी लावलेले नाही. त्यातली झाडे समान अंतरावर उभी आहेत, कारण जी झाडे एकमेकांजवळ उभी होती, त्यांतले एक वर्षानुवर्षे, नियमाप्रमाणे, तोडण्यात आले. त्यात नवीन झाड नाही, त्याचे कारणही तेच आहे.